बुधवारचा पेला

शाळेच्या व्हरांड्यातल्या पाण्याच्या नळाला लाल चिकटपट्टी गुंडाळलेली. शेजारी दुधाच्या छोट्या खोक्यांचा ढीग. वर हाताने लिहिलेली पाटी : हवं तितकं घ्या.

*

उल्हास मोघ्यांच्या आईला अमेरिकेत सगळ्यात आवडलं ते गवत. एवढं हिरवं गवत लोक कापतात आणि पिशवीत भरून टाकून देतात, एकही गाय ते खात नाही, याचं तिला वाईट वाटायचं.

*

"रवा मी भाजलाय. माझ्या हाताने. या मंडळाला आजवर माझा शिरा कधी बाधला नाही. आता तोंड वर करून विचारतात, वहिनी, तूप जुनं होतं का?"

*

प्रुएट डेअरीची निळी गाडी शुक्रवारी संध्याकाळी डॉक्टरच्या दारात उभी होती. समोरच्या बाईने पडद्याआडून पाहिली आणि लक्षात ठेवली.

*

टीव्हीच्या पडद्यावर महापौर. हातात काचेचा पेला. पितात, हसतात, वरच्या ओठावरचं काहीतरी दोन बोटांनी काढून खाली झटकतात. शाळेतली मुलं टाळ्या वाजवतात.

*

फोनवर बोलता बोलता पलीकडे कुणीतरी बाई ओरडली. रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज. धावती पावलं. धातूवर धातू आपटला. मग डॉक्टर पुन्हा फोनवर आला आणि म्हणाला, "दूध नाही. पाणी."

गार

"तो डॉक्टर तुमच्यातलाच आहे," राज्याच्या राजधानीत, लॅन्सिंगच्या ऑफिसात कांचन सबनीसला तिच्या साहेबाने सांगितलं. "तुमच्याशी बोलेल."

"आमच्यातला म्हणजे कुठला?"

"इंडियन."

"सत्तर कोटी आहेत," कांचन म्हणाली आणि गाडीची किल्ली उचलली.

नागपूरच्या पशुवैद्यकीय कॉलेजातून ती ॲन आर्बरला शिकायला आली, शिकता शिकता तिथेच राहिली, आणि आता राज्याच्या आरोग्य खात्यासाठी साथींचा माग काढायची. जनावरांकडून माणसांत येणारे रोग हा तिचा प्रांत. महाराष्ट्र मंडळातले लोक तिला पाठीमागे 'ढोरांची डॉक्टर' म्हणतात हे तिला ठाऊक होतं, आणि तिची हरकत नव्हती.

लिंडेन फॉल्स हे मिशिगनमधलं नदीकाठचं गाव. १९८४च्या मे महिन्यात नदीला पूर आला आणि पाठोपाठ मुलं आजारी पडू लागली. ताप, रक्ताचे जुलाब, मग रक्तातच विष. जंतू साल्मोनेला. तो कशातून येतोय एवढंच कळायचं बाकी होतं. दोनच संशयित : पुराचं पाणी किंवा गावातल्या एकुलत्या एका डेअरीचं दूध. प्रयोगशाळेचं उत्तर यायला पुढचा आठवडा उजाडणार होता. महापौरांना उत्तर त्याच शुक्रवारी हवं होतं.

गावचे आरोग्य अधिकारी डॉ. श्रीरंग कर्णिक गुरुवारी म्हणाले होते, बहुतेक दूध. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी घरून फोन करून सांगितलं, दूध नाही, पाणी. महापौरांनी त्याच वेळी शाळांचे नळ बंद केले, पाणी उकळून प्या असं जाहीर केलं, आणि शाळाशाळांतून पाण्याऐवजी दूध वाटायला सांगितलं.

दुधातच होतं.

पाश्चराइज झाल्यावर डेअरीतच कुठेतरी जंतू शिरला होता. डेअरीला टाळं लागेपर्यंत आणखी एक अख्खा आठवडा गेला. सात मुलं गेली. उल्हास मोघ्यांची आई गेली. आता सोमवारी ज्युरीपुढे जाहीर चौकशी होणार होती, डॉक्टरवर खटला भरायचा का हे ठरवायला. गावाने ते आधीच ठरवलं होतं : निळी गाडी डॉक्टरच्या दारात होती, फोनवर मागे कुणी ओरडलं होतं, आणि एका रात्रीत डॉक्टरचं मत फिरलं होतं. डेअरीवाल्याने त्याला विकत घेतलं, नाहीतर धमकावलं.

आणि कर्णिक गप्प होते. वकिलापाशी गप्प, पोलिसांपाशी गप्प.

कांचन त्यांच्यासमोर बसली. पन्नाशीचा माणूस, दाढी वाढलेली, स्वेटरची बटणं एक घर चुकवून लावलेली.

"डॉक्टर, शुक्रवारी तुमचं मत का फिरलं?"

"चहा घेणार?"

"मत का फिरलं?"

"तुम्ही नागपूरच्या ना? संत्री मिळतात का हो इथे, तशी?"

"तुरुंगात तर नक्कीच मिळणार नाहीत."

ते हसले. खरंच हसले. मग म्हणाले, "मी चुकलो एवढं लिहा. का चुकलो ते लिहू नका."

दारापर्यंत सोडायला ते आले. तिथे त्यांनी आवाज खाली आणला. "आणि शैलाला काही विचारू नका. माझ्या बायकोला. प्लीज."

ज्याला वाचायचं नाही तो 'प्लीज' कुणासाठी म्हणतो?

कोमट

महापौर वॉल्टर ब्रँडिस यांची उत्तरं. प्रश्न सहज कळण्यासारखे आहेत.

"बसा. कॉफी? दूध नाही हं, गंमत केली. वाईट गंमत. माफ करा."

"हो, शुक्रवारी. सहा-साडेसहा. मी त्याला एकच विचारलं. म्हटलं, डॉक्टर, तू तुझ्या मुलीला हे दूध देतोस? तो थोडा थांबला. म्हणाला, देतो, रोज देतो. आम्ही सगळेच पितो, आमच्यातलं कुणी आजारी नाही. तेवढ्यात मागे कुणी ओरडलं. तो गेला, परत आला, म्हणाला, दूध नाही."

"कोणती भाषा ते मला कसं कळणार? बाई होती. घाबरलेली."

"नाही. त्यानंतर त्याने मला फोन केला नाही. शनिवारी नाही, सोमवारी नाही, मंगळवारी तर नाहीच."

"तुम्ही मंगळवारचं विचारलं नव्हतं? मला वाटलं विचारलंत."

"हे बघा बाई. सगळं गाव नदीकडे बोट दाखवत होतं. दोन रस्ते होते. एकावर नदी, दुसऱ्यावर चाळीस माणसांची रोजीरोटी. डॉक्टर म्हणाला नदी. मी डॉक्टरचं ऐकलं. नेत्याने दुसरं काय करायचं असतं?"

"डेल प्रुएट माझ्या प्रचाराचा प्रमुख होता. ते लपलेलं नाही."

"एक सांगतो आणि मग मला मीटिंग आहे. बुधवारी मी लिंकन शाळेत गेलो. लोक कुजबुजायला लागले होते, दुधाबद्दल. मी कॅमेऱ्यासमोर प्रुएटचं दूध प्यायलो. पूर्ण पेला. साऱ्या गावाने पाहिलं. मला माहीत असतं, नुसता संशय जरी असता, तर मी प्यायलो असतो? मला नातवंडं आहेत."

कांचन जिन्यावरून उतरली. विष आहे हे ठाऊक असलेला माणूस ते हसत हसत पीत नाही. आणि प्यायला, तर आजारी पडतो. ब्रँडिस ठणठणीत होते.

निरसं

उल्हास मोघे महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष. मोटार कंपनीत इंजिनियर. नव्या घराची वास्तुशांत त्यांनी त्या शुक्रवारनंतरच्या रविवारी केली होती. घराच्या पुढच्या खोलीत आईचा फोटो, आणि आतल्या खोलीतून येणारे आवाज.

"आई गेली तेव्हापासून ही आणि शैला वहिनी एकमेकींशी बोलत नाहीत," उल्हास म्हणाले. "अख्खं मंडळ म्हणतंय शिऱ्यातून झालं. प्रसादातून. मला सांगा, आम्ही काय तोंड दाखवायचं?"

आतून त्यांच्या पत्नी, सुनेत्राबाई, पदराने डोळे पुसत बाहेर आल्या. "तूप ताजं होतं. दूध उकळलेलं होतं. माझ्या शिऱ्याला नावं ठेवणाऱ्यांनी तीनतीनदा मागून खाल्ला."

"कोणी तीनदा खाल्ला?" कांचनने विचारलं.

"तो अतुल. पूजेला येतो का कधी? जेवायच्या वेळेला उगवतो. टोप खरवडून नेला मेल्याने."

"आजारी पडला?"

सुनेत्राबाईंचा पदर डोळ्यांपाशीच राहिला. "नाही."

"उशिरा आलेलं आणखी कोण?"

"विक्रम. त्याची बायको. शॉमबर्गहून आलेले ते दोघं, त्यांना ट्रॅफिक लागला."

"त्यांच्यापैकी कोणी आजारी?"

सुनेत्राबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. उल्हास हळूच म्हणाले, "नाही. वेळेवर आलेलेच पडले."

वेळेवर आलेल्यांच्या पोटात काय गेलं, जे उशिरा आलेल्यांच्या गेलं नाही? कांचनने डोळे मिटून पूजा आठवली. लहानपणीची, नागपूरची. कथा संपते. आरती होते. ओंजळ पुढे करायची. डावा तळवा खाली, उजवा वर, आणि त्यात चमच्याने काहीतरी गार, गोड, ओघळणारं.

"पंचामृत कोणी केलं?"

"शैला वहिनींनी," सुनेत्राबाई म्हणाल्या. "दूधही त्यांनीच आणलं, शुक्रवारी गाडीवाल्याकडून जास्तीचं घेऊन ठेवलं होतं. सासूबाईंनी दोनदा घेतलं. त्यांना फार आवडायचं."

निळी गाडी. दूध घालायला आलेली, बस्स. एक रहस्य तिथेच विरघळलं, आणि त्याच्या जागी त्याहून वाईट काहीतरी दिसू लागलं.

"पंचामृताला उकळलेलं दूध चालत नाही ना?" कांचनने विचारलं. उत्तर तिला ठाऊक होतं.

"छे! निरसं लागतं. तापवलेलं दूध देवाला कसं चालेल?"

फेस

कर्णिकांची मुलगी नीला हॉस्पिटलमध्ये होती. सोळा वर्षांची, वाचलेली, पण अंगात त्राण नाही. कांचनने स्वतःची ओळख सांगितली.

"सो, आय शुड कॉल यू मावशी?"

"कांचन चालेल."

"आई मला मारेल." मग चादर वर ओढून, "पूजेला मी नव्हते. आय हॅड अ ट्रॅक मीट, रेस होती. म्हणजे मला प्रसादातून नाही झालं. सगळे तेच विचारतात."

"मग दूध कुठे प्यायलीस? घरी?"

"ग्रोस. घरी मी दूध पीतच नाही."

"का?"

"स्किन असते त्याच्यावर. आई बॉइल करते ना. पॅश्चराइज्ड मिल्क बॉइल करते! मी कितीदा सांगितलं, आई, इट्स ऑलरेडी डन. ती म्हणते, दूध आणलं की तापवायचं. का? विचारायचं नाही. शाळेत फ्री दूध मिळायला लागलं ना, तेव्हा मी रोज दोन कार्टन प्यायले. कोल्ड. नो स्किन." तिने खिडकीकडे तोंड वळवलं. "डॅड इथे येतो आणि नुसता बसतो. टेल हिम टु से समथिंग."

कांचन कॉरिडॉरमधल्या खुर्चीवर बसून राहिली. आता शुक्रवार तिला दिसत होता, काचेतून दिसावा तसा.

गावात एकच डेअरी. आजारी घरांत प्रुएटचं दूध, निरोगी घरांतही प्रुएटचंच. तुलना करायला जागाच नाही. कर्णिकांना असा एखादा गट हवा होता जो भरपूर दूध पितो आणि एकगठ्ठा ओळखीचा आहे. तो गट तर त्यांच्या घरातच चहाला यायचा. वीस-बावीस मराठी घरं. चहा, दही, खीर, रात्रीचं हळदीचं दूध. इतर कुणापेक्षाही जास्त दूध. आणि एकही आजारी नाही. शिवाय ही सगळी घरं गावाच्या पश्चिमेला, नव्या वस्तीत, जिथे नदीचं पाणी येत नाही, विहिरींचं येतं. दूध प्यायले, नदी प्यायले नाहीत, निरोगी राहिले. म्हणून नदी.

निष्कर्ष अगदी सरळ होता. शिकवावा असा.

आणि त्या प्रत्येक घरात, घरात आल्याबरोबर, कुणाला काही न सांगता, कुणी काही न विचारता, दूध शेगडीवर चढत होतं. इतकं रोजचं, की ते कुणाच्या डोळ्यांनाच दिसत नव्हतं. गोऱ्या डॉक्टरने विचारलं असतं, तुम्ही दुधाचं काय करता? मराठी डॉक्टरला विचारायची गरजच वाटली नाही.

मग रविवार आला, देवासाठी निरसं दूध आलं, आणि मंगळवारी मराठी माणसं आजारी पडली. आजारी पडली ती पंचामृत घेतलेलीच.

म्हणजे मंगळवारी कर्णिकांना कळलं.

आणि डेअरी बंद झाली शुक्रवारी. मधले दिवस कुणाचे?

उकळी

"तुम्ही मंगळवारी महापौरांना फोन केलात," कांचन म्हणाली.

कर्णिक अंगणात उभे होते. गवत गुडघाभर वाढलं होतं.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"त्यांनीच. मी मंगळवारचं नावही काढलं नव्हतं, आणि ते मंगळवार नाकारून बसले."

त्यांनी वाकून गवताचं एक पातं उपटलं. मग बांध फुटल्यासारखे बोलले. "केला. संध्याकाळी. सगळं सांगितलं. म्हटलं, वॉल्टर, मी चुकलो, दूधच आहे. आमच्या घरी उकळतात म्हणून आम्ही वाचलो. आत्ता रेडिओवर सांग. डेअरी बंद करायला वेळ लागणार असेल तर निदान उकळा म्हणावं. दोन मिनिटं उकळा, जंतू मरतो. तो म्हणाला, विचार करतो."

"हे ज्युरीला का सांगत नाही?"

"सांगून काय? त्याचा शब्द, माझा शब्द. आणि त्यांनी विचारलं, तुला मंगळवारी कसं कळलं, तर?" ते कांचनकडे बघत होते, पण डोळे दुसरीकडेच. "तर मला पंचामृत सांगावं लागेल. शैलाने केलेलं. म्हातारीला तिने स्वतःच्या हाताने दोनदा वाढलेलं. शुक्रवारी सगळ्या घरांना फोन करून 'कुणी आजारी नाही' हेही मला शैलानेच सांगितलं होतं. ती सुनेत्राशी भांडतेय कारण तिला वाटतं शिऱ्याने झालं. वाटू दे. तेवढ्या आधारावर ती उभी आहे."

"आणि तुमच्या गप्प बसण्याच्या आधारावर ब्रँडिस उभे आहेत."

"मला माहीत आहे."

"त्या सातांतली केली ॲन शुल्ट्झ नावाची मुलगी त्या बुधवारनंतर, गुरुवारी दुपारीसुद्धा दोरीवरच्या उड्या मारत होती, डॉक्टर. ती तुमच्या चुकीने नाही गेली."

कर्णिक गवतात बसले. खाली, तसेच. "प्रूफ आणा," ते म्हणाले. "त्याला माहीत होतं याचं. मग मी बोलेन. पण तो तर दूध प्यायला, कांचन. सगळ्यांनी पाहिलं."

साय

स्थानिक टीव्ही स्टेशनची खोली. बुधवारची टेप.

महापौर शाळेच्या पायऱ्या चढतात.

महापौरांची सेक्रेटरी गाडीतून पेला आणते. पेल्यावर चंदेरी फॉइल. बाकी सगळी मुलं छोट्या खोक्यांतून नळीने पिताहेत, फक्त महापौर पेल्यातून. "दिसायला बरं दिसतं," टेप लावणारा माणूस म्हणाला. "खोक्यातून पिणारा म्हातारा कसा दिसेल?"

फॉइल निघतं.

पेला वर जातो. पांढरं. रिकामा होतो.

हसू. ओठावर दोन बोटं. काहीतरी काढतात. झटकतात.

"परत," कांचन म्हणाली.

ओठ. बोटं. झटका.

"पेला दाखवा. रिकामा झाल्यावर. थांबा. तिथेच थांबवा."

चित्र थरथरत थांबलं. गार दूध प्यायलं की पेल्याच्या आत एकसारखा पातळ पांढरा पडदा राहतो आणि तो निथळून तळाशी जातो. या पेल्यात काठाखाली दोन बोटांवर एक सुरकुतलेली पट्टी काचेला चिकटून लोंबत होती. वाळलेल्या पानासारखी. निथळत नव्हती.

टेपवाल्याला ती दिसलीच नव्हती. गावातल्या कुणालाच दिसली नव्हती. टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं होतं आणि कुणालाही ती काय आहे हे ठाऊक नव्हतं.

कांचनने मात्र जन्मभर ती बोटाने बाजूला सारली होती.

प्रुएटचं दूध घुसळून एकजीव केलेलं असतं. त्याची मलाई आपोआप वर येत नाही. त्यावर सुरकुतणारा पापुद्रा एकाच रीतीने धरतो. ते उकळावं लागतं आणि मग न हलवता निवू द्यावं लागतं.

महापौर बुधवारी पूर्ण पेला प्यायले होते. महापौरांनी त्यातलं दूध घरी उकळून, गार करून, झाकून आणलं होतं.

भीती वाटली म्हणून त्यांनी ते आपल्या बुद्धीने केलं, असंही कुणी म्हणेल. म्हणू दे. मिशिगनमध्ये कोण दूध उकळून गार करून पितं? आणि ज्याने स्वतःपुरतं उकळलं, त्याला कळलेलं होतं. शेजारी मुलं खोक्यांतून नळीने ओढत होती तेव्हा.

तळ

शैला कर्णिकांनी दार उघडलं आणि मागे सरकून वाट दिली. स्वयंपाकघर लखलखीत होतं. शेगडीवर काही नव्हतं.

"हे म्हणाले असतील, तिला विचारू नका."

"हो."

"तुम्ही काही विचारू नका. मीच सांगते. बसा." त्या स्वतः उभ्याच राहिल्या. "शुक्रवारी मी वरच्या मजल्यावरून ओरडले. कपड्यांच्या घड्या घालत होते. दूध वर येतंय, बघा, असं. रोज कुणीतरी ओरडतंच आमच्याकडे. तेवढ्यावर लोकांनी माझ्या घरात गुंड घातले."

"आणि मंगळवारी?"

"मंगळवारी सुनेत्राकडे फोन करायचा होता. म्हातारीचं कसं आहे विचारायला. इथला रिसीव्हर उचलला. हे वरच्या फोनवर बोलत होते, महापौरांशी. मी ठेवणार होते." त्यांनी भिंतीवरच्या फोनला हात लावला. "नाही ठेवला. सगळं ऐकलं. यांचंही, त्यांचंही."

कांचन खुर्चीतून पुढे झुकली. "म्हणजे पंचामृताचं..."

"मला तेव्हापासून माहीत आहे."

"मग सुनेत्राबाईंशी भांडण? शिऱ्यावरून?"

"मी नाही हो भांडत. मला तिच्यासमोर उभं राहवत नाही, त्याला ती भांडण म्हणते." शैलाबाईंचा आवाज अजूनही सपाट होता. "आणि यांना वाटतं मला ठाऊक नाही. रोज सकाळी माझ्याकडे बघतात, हिला कळलं का म्हणून. मी तोंड करते, नाही कळलं. ते मला सांभाळतात, मी त्यांना सांभाळते, आणि नीला हॉस्पिटलात एकटी बसते. काय म्हणाले होते महापौर, सांगू? इंग्रजीत सांगते, त्यांच्याच शब्दांत."

"इथे नको," कांचन म्हणाली. "सोमवारी. सगळ्यांसमोर. पण शैलाताई, ते पंचामृताबद्दल विचारतील. सुनेत्राबाई समोर बसलेल्या असतील."

"तिला तर मी आजच सांगणार आहे. तिचा शिरा चांगला होता." त्या पहिल्यांदा खुर्चीवर टेकल्या. "फार चांगला होता हो शिरा."

*

ब्रँडिसनी टेप पाहिली. मग कांचनकडे पाहिलं. खोटं बोलायची वेळ निघून गेली हे ओळखण्याइतके ते मुरलेले होते.

"तुम्ही कधी निवडून आला आहात?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"शुक्रवारी मी गावाला सांगितलं, पाणी उकळा, दूध प्या. बुधवारी म्हणू, दूध उकळा? मग रविवारी काय म्हणू? एका आठवड्यात दोनदा तोंड फिरवलं की लोक तिसऱ्यांदा ऐकत नाहीत. प्रयोगशाळेचा कागद शुक्रवारी येणार होता. कागद हातात असला की माझा शब्द नाही, विज्ञानाचा शब्द. मी दोन दिवस थांबलो. फक्त दोन दिवस."

"तुम्ही थांबला नाहीत. तुम्ही पेला उचललात."

"लोक घाबरले होते. धीर देणं माझं काम आहे."

"तुमच्या घरी कोणी उकळलं?"

"मीच. करपवलं पहिल्यांदा. किती वेळ ठेवायचं ते..." ते थांबले.

"दोन मिनिटं," कांचन म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलं होतं."

खिडकीबाहेर शाळेची पिवळी बस गेली. ब्रँडिसनी मान फिरवली नाही.

*

सोमवारी शैला कर्णिक चार तास बोलल्या. सुनेत्राबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मधल्या सुट्टीत त्यांनी शैलाबाईंपुढे पाण्याचा ग्लास धरला आणि त्या पिईपर्यंत धरून ठेवला. डॉ. कर्णिकांवर खटला झाला नाही. त्यांचं लायसन्स त्यांनी स्वतः परत केलं. ब्रँडिसवर खटला झाला, कोर्टाने निवाडा दिला की चुकीचा निर्णय घेणं हा गुन्हा नाही, आणि पुढची निवडणूक ते थोडक्या मतांनी हरले. थोडक्याच.

नीला घरी आली. शैलाबाईंनी तिला दूध विचारलं नाही. तिने मागितलंही नाही.

*

त्या शुक्रवारी संध्याकाळी शैला वरून ओरडली तेव्हा श्रीरंग कर्णिक रिसीव्हर टेबलावर ठेवून शेगडीपाशी गेले, वर आलेल्या दुधावर फुंकर मारली, पातेलं चिमट्याने धरून बाजूला ठेवलं, बर्नर बंद केला, आणि परत येऊन महापौरांना म्हणाले, "दूध नाही. पाणी."